दुःख छातीतच का दुखतं?

माणूस गेल्याची बातमी घरात येते तेव्हा बायका ऊर बडवून घेतात. नशिबाला बोल लावायचा असेल तर हात कपाळावर जातो, पण दुःखाचा हात छातीवरच पडतो. सोलापूरच्या पूर्व भागात वाढताना हे मी फार जवळून पाहिलं आहे. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं होती, कानडी बोलणारी लिंगायत घरं होती, आमच्यासारखी मराठी होती आणि पलीकडच्या बोळात उर्दू बोलणारी. रडण्याची भाषा प्रत्येकीची निराळी, हेल निराळा. छाती मात्र सगळ्याच धरायच्या, आणि हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

पुढे शाळेत शिकवलं की हृदय हा एक स्नायू आहे, मोठ्या माणसाचं वजनाला तीनशे ग्रॅमच्या आसपास, दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, काम रक्त ढकलण्याचं. विचार आणि भावना हे सगळं मेंदूचं खातं. तेव्हापासून कितीतरी शिकलेल्या माणसांना मी सहज म्हणताना ऐकलं आहे, की छातीत दुखणं वगैरे कवींचं बोलणं, दुःख असतं ते डोक्यात. हे बोलणं आता माझ्याच्याने ऐकवत नाही. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं जिवाला मुकतात.

माझ्या धाकट्या मावशीचे यजमान, आमचे काका, चार मागांवर टॉवेल काढायचे. खाली माग, वर राहायची खोली. त्या खटखटाटात मावशीची दोन पोरं वाढली, अभ्यास केला, झोपली. काका आजारी पडले आणि बघता बघता गेले. दहावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले. घर पहिल्यांदा रिकामं झालं, त्या दिवशी मावशी भिंतीला टेकून बसली आणि उजव्या हाताचा तळवा छातीच्या मधोमध दाबून धरला. बोटाने दाखवलं नाही, पुरता तळवा ठेवला. म्हणाली, “हितं कायतरी चढून बसलंय बघ. हातापायातलं बळच गेलंय की.”

शेजारच्या काकू म्हणाल्या, रडली नाही ना ती पुरती, तुंबलंय सगळं, रडू द्या. कुणी ओवा दिला, कुणी लिंबू-सोडा. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका दवाखान्यात नेलं तर नाडी पाहून पित्ताची गोळी मिळाली आणि टेन्शन घेऊ नका हा सल्ला. बाईचा नवरा जाऊन अकरा दिवस झालेले! रात्री तिला दरदरून घाम फुटला, पायऱ्या न चढताच धाप लागली, तेव्हा मावसभावाने रिक्षा बोलावली आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो.

ईसीजीची पट्टी पाहूनच तिथली धावपळ सुरू झाली. हार्ट अटॅकमध्ये दिसतात तसेच बदल. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली. अँजिओग्राफी केली, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. एकही अडथळा नाही. मग डॉक्टरांनी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यासमोर आम्हाला उभं केलं. करड्या रंगात मावशीचं हृदय हलत होतं. डावा खालचा कप्पा वरच्या बाजूला, मुळाशी, जोर लावून आकसत होता. पण टोकाकडचा भाग जवळजवळ हलतच नव्हता. प्रत्येक ठोक्याला मूळ आवळायचं आणि टोक तसंच फुगलेलं राहायचं. “ब्लॉकेज नाहीये,” डॉक्टर म्हणाले, “पण हृदय खरंच दुखावलंय. घरात काही घडलंय का?” मावसभावाने टोपी काढली. त्याचं भादरलेलं डोकं पाहून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

काकांच्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. तुटलेलं टोक शोधायचं, सांधायचं, माग पुन्हा सुरू. इथे एकही धागा तुटलेला नव्हता आणि माग थांबला होता.

या आजाराचं वर्णन १९९० साली जपानमधल्या हिरोशिमाच्या डॉक्टरांनी केलं. कप्प्याचा तो आकार, गळ्याशी निमुळता आणि पोटाशी फुगीर, त्यांना तिथल्या कोळ्यांच्या मडक्यासारखा दिसला. ऑक्टोपस पकडायला ते मडकं समुद्रात सोडतात, त्याला ताकोत्सुबो म्हणतात; तेच आजाराचं नाव झालं. पुष्कळ वर्षं जपानबाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग २००५ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी अशा १९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कुणाला जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळलेली, कुणी कशाने तरी भयंकर घाबरलेलं. एका बाईला तर लोकांनी अचानक पार्टी देऊन चकित केलेलं. या सगळ्यांच्या रक्तात ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या भाऊबंदांचं प्रमाण प्रचंड वाढलेलं होतं, खऱ्याखुऱ्या हार्ट अटॅकने अत्यवस्थ झालेल्यांपेक्षाही जास्त. धक्का बसला की मेंदू ही रसायनं सोडायला लावतो, एरवी ती हृदयाला बळ देतात, पण एकदम एवढा लोंढा आला की स्नायू बधिर होतो. टोकाकडच्या भागावर या रसायनांना प्रतिसाद देणारी स्थानं जास्त असल्यामुळे तोच भाग अधिक सापडतो, असं मानलं जातं. २००४ च्या ऑक्टोबरात जपानच्या निगाता भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथे या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पडलेल्या घराखाली सापडावंच लागत नाही, जमीन हादरलेली पाहणं पुरतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण ‘भग्नहृदय’ असं म्हटलं की लोक त्याची कहाणी करून टाकतात. २०१५ मध्ये १,७५० रुग्णांची एक मोठी आंतरराष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ नव्वद टक्के बायका होत्या, सरासरी वय सदुसष्टच्या जवळ. पण मानसिक धक्क्याचं कारण सापडलं ते चौथा हिस्सा आणि थोड्या अधिक जणांत. त्याहून जास्त रुग्णांत कारण शारीरिक होतं, दम्याचा जोराचा झटका, शस्त्रक्रिया, मेंदूचा आजार असं काहीतरी. आणि पुष्कळांत तर कुठलंच कारण सापडलं नाही. दवाखान्यात असतानाच शंभरातले चारेक जण दगावले. म्हणजे हा आजार हळुवार वगैरे मुळीच नाही. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, हे खरं. पण ते आठवडे निभावून न्यावे लागतात, आणि ते औषधाने आणि देखरेखीने निभतात.

आता मूळ प्रश्न. ताकोत्सुबो होतो थोड्यांना. पण छातीत दुखतं सगळ्यांनाच. मुलगी सासरी निघाली तरी दुखतं, जिवलग मैत्रिणीने बोलणं टाकलं तरी दुखतं. त्यांचा ईसीजी अगदी नॉर्मल येतो. मग हे दुखणं खोटं का?

मी हे डॉक्टरांना विचारलं, पुढे जमेल तसं वाचलंही. मला उमगलं ते असं. शरीराच्या आतल्या अवयवांपैकी ज्याची हालचाल आपल्याला जाणवते असा अवयव म्हणजे मुख्यतः हृदय. यकृत, मूत्रपिंड अहोरात्र राबतात, पण त्यांची चाहूल लागत नाही. भावना उसळली की मेंदूचा हुकूम हृदयाला लगेच पोचतो, एखाद-दुसऱ्या ठोक्याच्या अंतराने. मेंदूच्या बुडाशी व्हेगस नावाची मज्जातंतूंची दोरी निघते ती घशातून, हृदयातून, फुप्फुसांतून थेट पोटापर्यंत जाते. एरवी तीच हृदयाला आवरून धरते. शिवाय तिच्यातले बहुसंख्य तंतू उलट दिशेने चालतात, शरीराची खबर वर मेंदूला देतात. हुंदका दाबताना घशात आवंढा अडकतो, छाती भरून येते, पोटात खड्डा पडतो. पाहिलंत तर ही सगळी ठिकाणं त्या एकाच वाटेवरची आहेत.

आणि बोट न ठेवता तळवा का ठेवला मावशीने? हृदयाच्या वेदनेचे तंतू मज्जारज्जूत ज्या जागी शिरतात, साधारण त्याच जागी छातीच्या कातडीचे आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूचेही तंतू येऊन मिळतात. बोटाला काटा टोचला तर मेंदू नेमकी जागा सांगतो. हृदयाचं दुखणं मात्र त्याला नेमकं ओळखता येत नाही, म्हणून ते पसरट वाटतं, कधी हातात, कधी पाठीत, कधी जबड्यात. डॉक्टरसुद्धा छातीवर ठेवलेली मूठ किंवा तळवा पाहून सावध होतात. त्यात दुःखी माणूस श्वास पुरता घेत नाही, बरगड्यांमधले स्नायू ताणलेले राहतात, तासन्‌तास हुंदके दिले की ते स्नायू खरोखर दुखतात. म्हणजे कारणं दहा आहेत, जागा एक.

मेंदूकडूनही हा प्रश्न तपासला गेला. २००३ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर तिघांचा चेंडूफेकीचा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळाने बाकीचे दोघे आपापसांतच चेंडू टाकू लागतात, याला देईनात. मुळात ते दोघे माणसं नव्हतीच, आज्ञावली होती. एवढ्याशा वगळण्यानेही मेंदूतला, शारीरिक वेदना नकोशी वाटवणारा एक भाग जागा झाला. २०११ मध्ये नुकतंच प्रेम तुटलेल्या ४० जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला, आणि दुसरीकडे त्यांच्याच हाताला चटका बसेल इतकी ऊब दिली. दोन्ही वेळा मेंदूतले काही भाग सामाईक निघाले. त्यावरून वर्तमानपत्रांनी ठोकून दिलं की मनाची आणि शरीराची वेदना एकच. तसं नाही. २०१४ मध्ये अधिक बारकाईने पाहिलं तेव्हा त्याच भागांत दोन्ही वेदनांचे ठसे वेगवेगळे आढळले. मला हे वेगळेपण महत्त्वाचं वाटतं. शोक म्हणजे भाजणं नव्हे, ती स्वतःची अशी वेदना आहे, आणि तिला खरं ठरवायला चटक्याची साक्ष कशाला हवी?

त्याच २०१४ सालचं एक काम मला त्याहून जवळचं वाटलं. फिनलंडच्या संशोधकांनी सातशेच्या आसपास लोकांना माणसाच्या कोऱ्या आकृत्या दिल्या आणि सांगितलं, ही भावना आली की अंगात कुठे जाणीव वाढते आणि कुठे मंदावते ते रंगवा. लोक फिनलंडचे, स्वीडनचे आणि तैवानचेही. जवळपास प्रत्येक भावनेला छाती रंगली. दुःखाची आकृती पाहिली तर छाती उजळलेली आणि हात-पाय विझलेले. मावशीने भिंतीला टेकून जे दोन वाक्यांत सांगितलं, तेच ते चित्र होतं.

जुन्या लोकांनी जागा कशी ठरवली असेल, याचा अंदाज यावरून येतो. इजिप्तमध्ये ममी करताना मेंदू काढून टाकत आणि हृदय शरीरात जपून ठेवत, कारण परलोकात न्यायाच्या पिसासमोर तेच तोललं जाणार होतं. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने बुद्धी हृदयात मानली, मेंदूला थंडावा देण्याचं काम दिलं. आपल्याकडे चरक आणि सुश्रुत दोघांनीही चेतनेचं स्थान हृदयच सांगितलं. यातला शरीररचनेचा भाग चुकला, हे उघड आहे; १६२८ मध्ये हार्वे या इंग्रज डॉक्टरने रक्ताभिसरण सिद्ध केल्यावर हृदयाचं यांत्रिक काम कुणाला नाकारता येईना. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या तिसाव्या अध्यायात एक उपदेश आहे. हृदय, त्यातून निघणाऱ्या वाहिन्या आणि ओज राखायचं असेल त्याने विशेषेकरून मनाच्या दुःखाची कारणं टाळावीत. हा उपदेश चुकलेला नाही. आजचे हृदयरोगतज्ज्ञ निराळ्या शब्दांत तेच सांगतात.

सांगतात, कारण आकडे तसेच आहेत. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये बायको गेलेल्या, पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ४,४८६ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या इतरांपेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त होते, आणि त्यातले सगळ्यात जास्त हृदयाच्या आजाराने. २०१२ मध्ये अमेरिकेत हार्ट अटॅकमधून वाचलेल्या जवळपास दोन हजार जणांना विचारून हिशोब मांडला, तर जिवाभावाचं माणूस गेल्यापासून पहिल्या चोवीस तासांत अटॅकचा धोका एरवीच्या एकवीस पट निघाला. मग तो दिवसागणिक उतरत जातो. “ते गेले आणि पाठोपाठ ही गेली” असं आपण सहज म्हणतो आणि जोडीचं प्रेम म्हणून हात जोडतो. प्रेम होतंच. पण त्या पहिल्या दिवसांत घरात वीस माणसं असतात, आणि विधवा झालेल्या बाईची रक्तदाबाची गोळी चुकली का, हे त्यातल्या एकालाही आठवत नाही.

हृदयात भावना राहत नाहीत, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा हृदयरोपणाने दिला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत ते करून पाहिलं, रुग्ण काही तासच जगला. भारतात यश आलं ते १९९४ च्या ऑगस्टमध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांच्या हातून. दुसऱ्याचं हृदय बसवताना त्याचे मज्जातंतू तुटलेले असतात. आवरून धरणारी व्हेगस नाही, म्हणून ते विश्रांतीतही जलद चालतं, आणि घाबरल्यावर लगेच धडधडत नाही. रक्तातून ॲड्रेनॅलिन पोचेल तेव्हा कुठे वेग घेतं. तरीही त्या माणसाला आपली माणसं आपलीच वाटतात, आणि कुणी गेलं तर तो रडतोच. दुःख उशिरा येत नाही, उशिरा येते ती धडधड. म्हणून मला वाटतं, दुःखाचं घर हृदय नसेल, पण दुःखाचा मार खाणारं तेच आहे.

आणि तो मार बायकांच्या बाबतीत कुणाला दिसत नाही. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, मान खाली, दिवसभर पानं कापायची, वळायची, दोरा बांधायचा. छातीत दुखलं तर बसून बसून आखडलं असेल, तंबाखूच्या भुग्याने झालं असेल, उपाशी होते म्हणून पित्त असेल. घरात कुणी गेलेलं असेल तर मग विचारायलाच नको, सगळं त्या दुःखावर टाकून मोकळे होतात. बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये कितीदा छातीची कळ ठळक नसतेच. मळमळ, धाप, पाठ किंवा जबडा दुखणं, विलक्षण थकवा एवढंच असतं. दुःख आणि अटॅक एकाच जागी दुखतात, आणि कुठलं काय ते घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. तपासणी करावीच लागते. मावशीला ती पित्ताची गोळी देऊन परत पाठवलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मावशी सहा दिवसांनी घरी आली. दीड महिन्याने पुन्हा इको केला तेव्हा कप्प्याचं टोक नीट आकसत होतं. डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवून दाखवलं. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, “मग अजून दुखतंय ते?” त्यांनी टेन्शन घेऊ नका असं म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, “ते यात दिसत नाही, मावशी. पण ते आहे. गोळ्या चालू ठेवा, आणि एकट्या बसू नका.”

माग मावसभावाने दोन विकले, दोन ठेवले. मावशी आता खाली बसून टॉवेलांच्या कडा तपासते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते. गल्लीत कुणाकडे माती झाली की ती भाकरी-पिठलं घेऊन जाते, तसं सगळेच नेतात. पण ती घरातल्या बाईजवळ बसते आणि थेट विचारते, छातीत दुखायलंय का, दम लागायलाय का, गोळ्या घेतल्यास का. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या बोळातल्या एका बाईचा मुलगा गेला. ती छाती धरून बसली होती आणि भोवतीच्या सगळ्या तिला मोकळं रड म्हणून सांगत होत्या. मावशी म्हणाली, “रडायचं हायच की जन्मभर. आधी पट्टी काढून घेऊ, ऊठ.” तिच्या दिराला रिक्षा आणायला लावली आणि स्वतः बरोबर गेली. त्या बाईचं दुखणं ताकोत्सुबो नव्हतं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळपास बंद झालेली निघाली आणि त्याच रात्री तिची अँजिओप्लास्टी झाली.